परवान्याच्या अर्जाआधी

दिंडोरी, जि. नाशिक

चि. बाळास,

तुझा निरोप तुझ्या आईकडून कळला. एकवीस पूर्ण झाली, आता बंदुकीच्या परवान्याचा अर्ज करायचा आहे, आणि तात्या माजी सैनिक असल्याने त्यांनी कचेरीत एक शब्द टाकावा. शिवाय तू म्हणालास म्हणे, की अमेरिकेत पोरांना हा हक्कच आहे, आपल्याकडे मात्र साहेबांच्या मागे फिरावं लागतं. फोनवर हो-नाही म्हणून मोकळं होता आलं असतं, पण हा विषय तेवढ्यावर सोडायचा नाही. माझी उमेदीची वर्षं तोफखान्यात गेली. पेन्शन झाल्यावर बँकेच्या दारात स्वतःची बारा बोअर घेऊन उभा राहिलो. बंदुकीबद्दल घरात कोणी बोलायचं असेल तर ते मीच बोलायला हवं.

तुझी बिबट्याची भीती खरी आहे. आठवडा पालटला की शेतीची लाईट रात्रीची. दीड वाजता उठायचं, हातात बॅटरी घ्यायची, उसाच्या कडेकडेने विहिरीवर जायचं, स्टार्टर दाबायचा आणि मोटरीने पाणी धरलंय का ते बघत थांबायचं. कादवाकाठचा ऊस हे आता बिबट्याचं घर झालंय. मादी उसातच वितेय, पिल्लं उसातच मोठी होतायत, डोंगर त्यांनी पाहिलेलाच नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला लहान मुलं गेली. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला आणि शेवटी नेमबाज बोलावून बिबट्या मारावा लागला. तिथली माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. त्या माणसांना कोणी भित्रं म्हणू नये, आणि तुलाही मी म्हणणार नाही.

पण बंदूक घेऊन तू त्या रात्री करणार काय? एका हातात बॅटरी, दुसरा हात पेटीवर. बंदुकीला दोन्ही हात लागतात. बिबट्या समोर येऊन उभा राहत नाही. तो वाकलेल्या, बसलेल्या माणसावर मागून येतो. समज, डोळे चमकले आणि तू बार काढलास. बारा बोअरचे छर्रे पसरत जातात. बांधाच्या पलीकडे पेठ-सुरगाण्याची मजुरांची कुटुंबं पाल टाकून झोपलेली असतात, त्यात पोरं असतात. छर्रे चुकून बिबट्याच्या मांडीत बसले तर तो घायाळ होऊन उसात शिरणार, आणि त्याच उसात सकाळी तोडीला बायामाणसं जाणार. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, म्हणजे 1972 च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बिबट्या आहे. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या आदेशावाचून त्याला मारता येत नाही. जीव वाचवताना तो मारला गेला तर गुन्हा नाही, अशी तरतूद आहे, आणि ती योग्यच आहे. पण ती अंगावर आलेल्या जनावरासाठी आहे, उसात चमकलेल्या डोळ्यांसाठी नाही.

फौजेत आम्हाला हत्यार कसं मिळायचं, ते तुला कधी सांगितलं नाही. सिनेमात जवानाच्या उशाशी रायफल दाखवतात. छावणीत ती कोतात असते. कोत म्हणजे शस्त्रागार, त्याला कुलूप, दाराशी पहारेकरी आणि आत वही. रायफलीचा नंबर सांगायचा, सही करून घ्यायची, सही करून परत द्यायची. हातात आली की पहिलं काम म्हणजे नळी आभाळाकडे धरायची आणि चेंबर रिकामं आहे का ते स्वतः पाहायचं. देणाऱ्याने ‘रिकामी आहे’ म्हटलं, तरी स्वतः पाहायचं. फायरिंगला गेलो की गोळ्या मोजून मिळायच्या, आणि उडालेल्या गोळ्यांचे खोके, म्हणजे तुमच्या पेपरातल्या पुंगळ्या, मोजून परत द्याव्या लागायच्या. एक खोका कमी भरला की अख्खी तुकडी गुडघ्यांवर बसून गवत चाळायची. ऊन कलायचं, जेवण राहायचं, पण खोका सापडल्याशिवाय गाडी हलायची नाही. ज्यांना देशाने स्वतः बंदूक दिली त्यांच्यावर एवढी नजर. तरुणपणी मला याचा राग यायचा. पुढे कळलं, की त्या वहीमुळेच रात्री बराकीत निर्धास्त झोप लागायची.

बँकेत असतानाही तेच. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा आणि पावती खिशात. ती बंदूक माझ्या पैशांची होती, पण एकट्या माझी कधीच नव्हती.

आता हक्काचं. हा प्रश्न विचारलास याचा मला आनंद आहे, कारण तुझ्याआधी फार मोठ्या माणसांनी तो विचारलाय. 1857 च्या ऑक्टोबरात आपल्याच जिल्ह्यात, नांदूर-शिंगोट्याला, भागोजी नाईकांच्या भिल्लांनी लेफ्टनंट हेन्रीला गाठून मारलं. असे उठाव ठिकठिकाणी झाले. ते मोडून काढल्यावर लोकांची हत्यारं काढून घेतली गेली आणि 1878 चा शस्त्र कायदा आला. गोऱ्याला सूट, आपल्याला परवाना. हा अपमान त्या पिढीच्या मनात फार खोल बसला. म्हणून 1931 साली कराचीच्या काँग्रेस अधिवेशनात मूलभूत हक्कांचा ठराव झाला, तेव्हा नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यात लिहिला गेला.

पुढे संविधान सभेत डिसेंबर 1948 मध्ये हरि विष्णू कामतांनी याच ठरावाची आठवण देऊन तो हक्क संविधानात घालावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. ब्रिटिशांनी लोकांना नि:शस्त्र केलं म्हणून ती मागणी तेव्हा रास्त होती, हे त्यांनी नाकारलं नाही. पण हक्क दिला की तो चोर-दरोडेखोरालाही मिळणार, असा त्यांचा आक्षेप होता. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आग्रह धरायचाच तर तो शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरावा, असं त्यांचं म्हणणं होतं. देशावर वेळ आली तर राज्याने बोलवावं आणि नागरिकाने जावं. दुरुस्ती फेटाळली गेली. आपल्या कलम 19 मध्ये आहे तो शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. मी वर्दी घातलेला माणूस, म्हणून असेल, पण बाबासाहेबांचं ते म्हणणं मला पूर्ण पटतं. बंदूक माझ्या हाती आली ती चौघांच्या वतीने, आणि चौघांना हिशेब देण्याच्या बोलीवर.

दर 19 एप्रिलला तुझ्या स्टेटसला हुतात्मा अनंत कान्हेरेंचा फोटो असतो. ठेवत जा. पण फोटोशेजारी पिस्तुलाचं चित्र लावतोस, त्यामागची हकिगतही ठाऊक असू दे. 21 डिसेंबर 1909 ची रात्र, नाशिकचं विजयानंद थिएटर, ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग. कलेक्टर जॅक्सनची बदली झाली होती, म्हणून निरोपाचा कार्यक्रम होता. बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची जन्मठेप झाली होती आणि तो खटला जॅक्सनच्या हातून वर गेला होता. ब्राउनिंग पिस्तुलं विलायतेहून लपवून आणलेली. जॅक्सनवर गोळ्या झाडणारे कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचे होते. ठाण्याच्या तुरुंगात 1910 साली त्यांच्याबरोबर त्यांचे साथीदार कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. त्या रात्री ते बाहेर पडले तेव्हा घरी परतायचं नाही हे मनाशी ठरवून गेले होते. ज्या राज्यात मत द्यायची सोय नाही, दाद मागायची जागा नाही, तिथल्या पोरांनी धरलेलं ते हत्यार होतं. तुझ्या हातात मत आहे, ग्रामसभा आहे, कोर्ट आहे. त्यांचं नाव घेऊन कमरेला रुबाब लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

रुबाबाचं निघालंच तर स्पष्ट लिहितो. तुझ्या मित्रांच्या रील मी पाहिल्या आहेत. कोयत्याने केक कापायचा, मागे गाणं लावायचं, कोणाच्या तरी हातात कट्टा. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्या हद्दीला लागून मध्य प्रदेशात उमर्टी आहे. तिथले गावठी कट्टे महाराष्ट्रभर येतात. 2025 च्या नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या मोडल्या. तो कट्टा एखाद्या बऱ्या मोबाईलच्या किमतीत मिळतो आणि कधी कधी धरणाऱ्याच्याच हातात फुटतो. विनापरवाना हत्यार नुसतं जवळ सापडलं तरी 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा दोन वर्षांपासून पाच वर्षांपर्यंत आहे. लग्नात, वरातीत हवेत बार काढला तर परवाना असूनही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. नाशकात 2025 मध्ये पोलिसांनी भाईगिरी करणाऱ्यांना कॅमेऱ्यासमोर ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ म्हणायला लावलं आणि तुम्ही पोरं ते बघून हसलात. मला हसू आलं नाही. त्यातल्या कित्येकांची मिसरूड नुकती फुटली होती, आणि त्यांच्या घरीही आई आहे. त्या रीलवाल्यांच्या गाडीवर तू मागे बसू नकोस. हे मी सांगतोय ते आज्ञा म्हणून घे.

अमेरिकेचं थोडक्यात. 1791 ची घटनादुरुस्ती तिथे शस्त्राचा हक्क देते, हे खरं. पण तिथली तरुण पोरंही या हक्काबद्दल एकमताची नाहीत. काहींना तो जिवापाड जपायचाय. आणि 2018 मध्ये पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला, तेव्हा त्याच शाळेच्या मुलांनी पुढे होऊन वॉशिंग्टनमध्ये प्रचंड मोर्चा काढला. मे 2022 मध्ये टेक्सासच्या युवाल्डीत एका अठरा वर्षांच्या मुलाने 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या. त्याने बंदुका चोरल्या नव्हत्या, अठरावं लागताच दुकानातून कायदेशीर विकत घेतल्या होत्या. आपली जी मराठी कुटुंबं तिकडे आहेत, त्यांची पहिली-दुसरीतली लेकरं शाळेत दार लावून, दिवे घालवून गप्प बसण्याचा सराव करतात.

तिथली आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यात जास्त छळते. अमेरिकेत बंदुकीने जे मरतात, त्यांत निम्म्याहून जास्त स्वतःच्या हाताने मरतात. आता आपल्या द्राक्षाच्या धंद्याकडे बघ. छाटणी, डिपिंग, थिनिंग, औषधं, मजुरी, सोसायटीचं कर्ज, आणि एका रात्रीची गारपीट. 2025 ला मे महिन्यापासून दिवाळीपर्यंत पाऊस हटला नाही, काड्यांत घडच धरले नाहीत, लोकांनी बागांवर कुऱ्हाड चालवली. अशा वर्षी घरातला कर्ता माणूस रात्री जागा असतो. तुझे वडील जागे होते, मला माहीत आहे. वाईट रात्र सरते, सकाळी कोणी तरी चहाला हाक मारतं आणि माणूस सावरतो. पण त्या रात्री हाताशी काय आहे यावर पुष्कळ काही ठरतं. तुझ्या घरात कपाटामागे बंदूक असावी असं मला वाटत नाही, त्यातलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. हे वडिलांना वाचून दाखवू नकोस, पण विसरूही नकोस.

आता मी काय करणार ते. शब्द टाकणार नाही. अर्ज करायचा तुला अधिकार आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात आजही लिहिलंय, की संरक्षणासाठी किंवा खेळासाठी 20 इंचांहून कमी नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना नागरिकाने मागितला तर द्यावा, आणि पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा मागितला तर तोही द्यावा. नाकारायचा तर कारण लेखी नोंदवावं. नाकारलं तर अपील आहे. सगळं वाचूनही तुझा विचार ठाम राहिला तर ओळखीचं दार न ठोठावता जिल्हाधिकारी कचेरीत सरळ अर्ज कर. हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण नियमाने घ्यावंच लागतं, ते मनापासून घे. फॉर्म भरायला मी तुझ्याशेजारी बसेन.

नेमबाजीचीच ओढ असेल तर ती वेगळी आणि फार चांगली गोष्ट आहे. पॅरिसला 2024 मध्ये 50 मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा, पण शिकला आपल्या नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये. एअर रायफलपासून सुरुवात कर. श्वास धरून एका ठिपक्याकडे बघायला लागलास की हत्याराबद्दलची बरीचशी नशा आपोआप उतरते. रेंजची फी मी भरतो.

आणि रात्रीच्या भीतीचं मूळ रात्रीच्या लाईटमध्ये आहे, तर भांडण तिथे करू. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची, तिचा दुसरा टप्पा 2023 चा. शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच ती काढली आहे. आपला फीडर त्यात कधी येणार, हे लेखी विचारायचं. तोवर निदान बिबट्या दिसलेल्या गटांना रात्रपाळीतून वगळा, ही दुसरी मागणी. वनखात्याकडे पिंजऱ्याचा आणि रात्रीच्या गस्तीचा तिसरा अर्ज. तिन्हींचे मसुदे सोबत पाठवतोय. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, स्वच्छ उतरवून काढ. आपल्या डीपीवरच्या सगळ्या खातेदारांच्या सह्या घे, गट नंबर आणि मोटरीची अश्वशक्ती प्रत्येकाच्या नावापुढे लिही. वस्तीवरच्या बायकांच्या सह्या आधी घे, पहाटे शेणपाण्याला त्याच बाहेर पडतात. सोमवारी सकाळी दहाला महावितरणच्या कार्यालयात ये, मी तिथे असेन. पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय आपण दोघांनी तिथून हलायचं नाही.

वहिनींना नमस्कार, धाकटीला पापा.

तुझा,
तात्या