न चालणाऱ्या पायाचं हाड

मज्जारज्जूला इजा झाली की पाय जातात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या पायांतलं हाडही जातं, हे फारसं कुणी सांगत नाही. इजा पूर्ण असेल तर गुडघ्याच्या आसपासचं हाड पहिल्या दोन-तीन वर्षांतच तिसरा हिस्सा, कधी निम्म्यापर्यंत उतरतं. कवटी शाबूत राहते. हात चालत असतील तर हातांची हाडंही. म्हातारपणाचा ठिसूळपणा सगळ्या सांगाड्यावर येतो, हा मात्र इजेची रेघ पाळतो.

हाड त्याच्यावर पडणाऱ्या भारानुसार घडतं, हे युलियुस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली मांडलं. हाडाच्या आत बसलेल्या पेशी भाराची दखल घेत असतात. भार येईनासा झाला की हाड खाणाऱ्या पेशींना मोकळं रान मिळतं आणि कॅल्शियम रक्तातून लघवीवाटे निघून जातं. अंतराळवीरांचंही असंच होतं, पण ते परत येऊन जमिनीवर उभे राहतात.

थोडक्यात, काम नाही तर पगार नाही. शरीराचा हिशेब असा आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती माणसांनी तोच हिशेब उचलण्याबद्दल.

माझ्या मांडीचं हाड मोडलं ते व्हीलचेअरवरून पलंगावर सरकताना. पाऊल चादरीत अडकलं, एवढंच. दुखलं नाही. संध्याकाळी गुडघा सुजलेला आणि गरम लागला, म्हणून कळलं. ऑपरेशन करायचं की नाही यावर बोलणं चाललं होतं, तेव्हा एक डॉक्टर सहज म्हणाले, "तसंही चालायचं तर नाहीये." ऑपरेशन टाळायला खरी कारणं असतात. ठिसूळ हाडात स्क्रू नीट धरत नाही. उलट बधिर कातडीवर प्लास्टर घातलं तर आत जखम होऊन पत्ता लागत नाही. ही तोलून पाहण्याची गोष्ट आहे. पण ते वाक्य त्या तोलण्यातलं नव्हतं. तो हाड खाणाऱ्या पेशींचा युक्तिवाद होता.

यावर उपयोगाचंच उत्तर देता येतं. हाड वाकडं जुळलं तर पाऊल फूटरेस्टवर बसत नाही, बैठक कलते, एका कुल्ल्यावर भार येऊन जखम होते. हे खरं आहे, पण एवढ्यावर मला थांबावंसं वाटत नाही. समजा यातलं काहीच नसतं, तरी तो पाय माझाच होता. (आपल्याकडे हाडांची थोरवी दधीचींची. त्यांच्या हाडांचं वज्र झालं, म्हणजे तिथेही उपयोगच!)

दुसरं टोकही मला मान्य नाही. मोडल्यानंतर घरचे म्हणू लागले, गाडीत चढू नकोस, लग्नाला जाऊ नकोस. पाय जपायचा म्हणून मी घरात बसायचं? स्टँडिंग फ्रेममध्ये मी रोज उभा राहतो. इतक्या वर्षांनी त्याने गेलेलं हाड परत येईल अशी आशा नाही. खिडकीतून गल्ली दिसते म्हणून उभा राहतो.

खरा पेच वेगळाच आहे. रोज सकाळी मदतीला येणारा मुलगा माझे गुडघे वाकवून व्यायाम देतो. त्यातही हाड मोडू शकतं, कितीही काळजी घेतली तरी. मला कळणार नाही. कळलं तर त्यालाच, हाताला काही वेगळं लागलं तर किंवा बारीकसा आवाज आला तर. म्हणजे दुखण्याचं काम माझ्या वतीने त्याने करायचं. आणि ज्याला नोकरी जाण्याची भीती आहे, तो ते का करील? दोष कुणाचा हे ठरवत बसणाऱ्या घरात कुणीही गप्पच राहील.

म्हणून मी त्याला आधीच सांगून टाकलं, की मोडलं तर लगेच बोल, तुला कुणी काही म्हणणार नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, पगार नाही ना कापणार?"

नाही म्हटलं. घरच्यांसमोर पुन्हा एकदा म्हटलं.