सोडून दिलेलं पहिलेपण

ऑक्टोबरचा पहिला आठवडा उजाडला की आपल्याकडे एक जुनं दुखणं डोकं वर काढतं. तिकडे स्टॉकहोमहून नोबेलची नावं जाहीर होतात आणि इकडे उजळणी सुरू होते. सत्येंद्रनाथ बोस यांना मिळालं नाही, जॉर्ज सुदर्शन यांना डावललं, कॉलऱ्याच्या जंतूचं विष कोलकात्यात बसून दाखवून देणाऱ्या शंभुनाथ डे यांचं तर नावही आपल्या मुलांना ठाऊक नसतं. यादी खोटी नाही. पण या उजळणीत आपलं बोट नेहमी देणाऱ्यांकडे असतं. समितीनं अन्याय केला, गोऱ्यांनी केला, दिल्लीनं केला. ज्याच्या गळ्यात हार पडला त्याच्याकडे काही कर्तव्य येतं का, हा प्रश्न सहसा निघत नाही.

तो ज्यांनी स्वतःला विचारला असे एक गृहस्थ मुंबईतच होते, परळला.

6 ऑगस्ट 1986 रोजी केईएम रुग्णालयात एक मुलगी जन्मली आणि भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून देशभर तिचं कौतुक झालं. केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या परळमधल्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं ते मिळून केलेलं काम. प्रत्येक पायरीची नोंद होती, कागदपत्रं चोख होती, शंका घ्यायला जागा नव्हती. पुढची दहा-अकरा वर्षं ‘भारतात पहिलं कोणी केलं’ या प्रश्नाचं उत्तर शाळकरी पोरंही देत होती.

1997 च्या फेब्रुवारीत आनंद कुमार एका वैज्ञानिक परिषदेसाठी कोलकात्याला गेले. तिथे त्यांच्या हाती काही जुने कागद आले. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणं.

मुखोपाध्याय म्हणजे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. कोलकाता आणि एडिंबरा अशा दोन विद्यापीठांच्या पीएचडी. इंग्लंडमध्ये जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचा, लुईज ब्राऊनचा, जन्म झाला 25 जुलै 1978 ला. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, 3 ऑक्टोबरला, कोलकात्यात एक मुलगी जन्मली. वर्तमानपत्रांनी तिला ‘दुर्गा’ म्हटलं. मुखोपाध्याय यांच्यासोबत दोघंच होते, स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य आणि अतिशीत तंत्राचे जाणकार सुनीत मुखर्जी. साधनं जेमतेम. पण पद्धत पाहावी तर थक्क व्हायला होतं. इंग्लंडमध्ये लुईजच्या वेळी एडवर्ड्स आणि स्टेप्टो या संशोधकांनी नैसर्गिक पाळीत तयार झालेल्या एका बीजावर भिस्त ठेवली होती आणि ते पोटातून दुर्बिणीनं काढलं होतं. मुखोपाध्याय यांनी संप्रेरकं देऊन एकाहून जास्त बीजं पिकवली, ती योनिमार्गानं काढली, आणि तयार झालेले गर्भ गोठवून ठेवून नंतरच्या पाळीत, गर्भाशय पूर्वपदावर आल्यावर, आत सोडले. संप्रेरकं देणं, योनिमार्गानं बीज काढणं, गर्भ गोठवणं, ही तिन्ही कामं आज गल्लोगल्लीच्या वंध्यत्व केंद्रांत रोजची झाली आहेत. गोठवलेल्या गर्भातून गर्भधारणा झाल्याचं जगानं ऐकलं ते ऑस्ट्रेलियातून, 1983 मध्ये.

कोलकात्यात काय झालं? राज्य सरकारनं चौकशी समिती नेमली. तिचे प्रमुख रेडिओ-भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. समितीचा निष्कर्ष असा की हे सगळं अविश्वसनीय आहे. जपानहून व्याख्यानाचं निमंत्रण आलं, सरकारनं जाऊ दिलं नाही. मग बदल्या. शेवटची बदली नेत्रविकाराच्या संस्थेत. संप्रेरकांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला डोळ्यांच्या विभागात बसवलं. 19 जून 1981 ला, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी आत्महत्या केली. तपन सिन्हा यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा चित्रपट त्यांच्याच आयुष्याच्या छायेतला.

आता शंका घेणाऱ्यांचीही बाजू आहे, ती मांडली नाही तर लबाडी होईल. विज्ञानात शंका घेणं हा गुन्हा नाही, ते कर्तव्यच. मुखोपाध्याय यांनी छापलं होतं फार थोडं. अतिशीत तंत्राच्या एका भारतीय नियतकालिकातलं छोटंसं टिपण. मुलीचे आईवडील समाजाला भिऊन होते, त्यांना गाजावाजा नको होता. त्यामुळे पुरावा मागणं योग्यच होतं. पण पुरावा मागणं वेगळं आणि माणसाची टवाळी करून त्याची रवानगी डोळ्यांच्या दवाखान्यात करणं वेगळं. पहिल्यात विज्ञान आहे, दुसऱ्यात फक्त कचेरी.

तर ती टिपणं आनंद कुमारांनी वाचली. ती वाचून एखाद्या जाणत्या माणसाला काय कळणार, ते त्यांना कळलं. ज्यानं हे लिहिलंय त्यानं हे केलेलं आहे. त्यांनी मुखोपाध्याय यांच्या सहकाऱ्यांशी बोलून खातरजमा केली. एप्रिल 1997 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांचा लेख आला. त्यात त्यांनी सरळ लिहिलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचे शिल्पकार सुभाष मुखोपाध्याय. म्हणजे आपण नव्हे.

हे करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कोर्टाचा आदेश नव्हता, वर्तमानपत्रांचा दबाव नव्हता. ज्याचं श्रेय होतं तो माणूस जाऊन सोळा वर्षं होत आली होती. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं, की त्यांच्यापुढे एक अगदी सभ्य पळवाट उघडी होती. ‘शास्त्रीय नोंदी असलेलं पहिलं बाळ’ एवढं म्हटलं असतं की भागलं असतं. ते खोटंही नव्हतं. आजही 1986 च्या त्या जन्माला तसं म्हणतात आणि ते बरोबरच आहे. आपली प्रतिष्ठा बहुतेक वेळा अशाच बरोबर विशेषणांवर टिकून असते. ‘मराठवाड्यातील पहिले’, ‘या पद्धतीचे पहिले’, ‘अनुदानित महाविद्यालयांतून पहिले’. सत्काराच्या मानपत्रात असं विशेषण घातलं की कुणी हरकत घेत नाही, आणि दोन-चार वर्षांत विशेषण गळून ‘पहिले’ तेवढं उरतं. आनंद कुमारांनी विशेषणाचा आधार घेतला नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकत राहते. ते पहिलेपण त्यांचं एकट्याचं होतं का? केईएमच्या शस्त्रक्रियागृहात उभे राहिलेले लोक, हिंदुजा, प्रयोगशाळेतले सहायक, ज्यांची नावं कुठेच येत नाहीत असे तंत्रज्ञ, सगळ्यांचा त्यात वाटा होता. सामाईक मालकीचं काही एकानं सोडून द्यावं का? आधी मला हा आक्षेप बिनतोड वाटे. आता वाटत नाही. काम सामाईक होतं, ते कुणी काढून घेतलं नाही. हिंदुजा यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली ती त्यांच्या कामासाठी, आणि योग्यच मिळाली. गेला तो फक्त एक क्रमांक. तो मुळात त्यांच्या घरचा नव्हता, त्यामुळे दान केला असंही म्हणता येत नाही.

तिकडे इंग्लंडमध्येही याच शास्त्रात असाच एक प्रकार झाला. एडवर्ड्स आणि स्टेप्टो ही दोन नावं सगळ्यांना ठाऊक. तिसरं जीन पर्डी. पेशानं नर्स, पुढे प्रयोगशाळेतली मुख्य कामकरी. ज्या गर्भातून लुईज जन्मली तो विभागताना पहिल्यांदा तिनं पाहिला. ओल्डहॅमच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी या कामाची स्मृती म्हणून पाटी लावायची ठरवली, तेव्हा एडवर्ड्सनी पत्र लिहून कळवलं की तिचा वाटा माझ्याएवढाच आहे, तिचं नाव घाला. पाटी लागली, तिचं नाव आलं नाही. हा पत्रव्यवहार 2019 मध्ये लोकांसमोर आला. पर्डी 1985 मध्ये, चाळिशीही न गाठता गेली. स्टेप्टो 1988 मध्ये गेले. 2010 चं नोबेल एकट्या एडवर्ड्सना मिळालं, कारण नोबेल मृतांना देत नाहीत. एरवीही एका पुरस्कारात तिघांपेक्षा जास्त नावं बसत नाहीत. पुरस्कार आला तेव्हा एडवर्ड्स 85 वर्षांचे आणि इतके आजारी होते की स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. पण जे सांगायचं ते त्यांनी तीस वर्षं आधी, गोष्ट नुसत्या पाटीची होती तेव्हाच, सांगून ठेवलं होतं.

नियम बदलता येतात. आपल्याकडे शांतिस्वरूप भटनागर पुरस्कारांची घडी बदलून राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आले, त्यात अख्ख्या गटाला द्यायचा एक सन्मान ठेवला आणि 2024 मध्ये तो चांद्रयान-3 च्या चमूला मिळाला. हे बरं झालं. पण नियमानं गट आला तरी गटातला माणूस नावानिशी येतोच असं नाही. आपल्या विद्यापीठांत चक्कर मारा. विद्यार्थ्यानं रात्री जागून केलेल्या कामावर मार्गदर्शकाचं नाव आधी, विभागप्रमुखांचं नाव सवयीनं, आणि उपकरण चालवणाऱ्याचं नाव आभारातही नाही. मग ‘उत्कृष्ट संशोधक’ पुरस्कार. शाल, श्रीफळ, आणि भाषणात हमखास येणारं वाक्य, की हे यश माझं नाही, माझ्या सगळ्या सहकाऱ्यांचं आहे. वाक्य टाळ्यांचं आहे. त्यात एकही नाव नसतं, म्हणून ते उच्चारायला काही पडत नाही. आनंद कुमारांच्या लेखात नाव होतं, सन होतं, पद्धत होती.

बढतीसाठी प्राध्यापकांना भरावे लागणारे ते गुणांचे तक्ते असतात ना, त्यांत 1997 चा तो लेख कुठे बसला असता याचा मी विचार करून पाहिला. नवा प्रयोग नाही, पेटंट नाही. उलट अर्जदाराच्या सर्वांत मोठ्या कामगिरीतलं ‘पहिली’ हे विशेषण त्यानं खोडलं जातं. अशा कामासाठी एखादा रकाना, एखादं पदक असावं, असं कुणी सुचवेलही. मी सुचवणार नाही. पुढच्याच वर्षी त्यासाठी अर्ज यायला लागतील, सोबत शिफारसपत्रं जोडून.