चिन्ह की वचन?

परवा एका कुटुंबात गृहाशीर्वादासाठी गेलो असता तिथल्या नऊ वर्षांच्या मुलीने एक रंगीत पुस्तक माझ्यापुढे धरले. महाराष्ट्राच्या राज्यचिन्हांची मुलांना ओळख करून देणारे ते पुस्तक होते. राज्यवृक्ष आंबा, राज्यपुष्प ताम्हण, राज्यपक्षी हरियाल, राज्यप्राणी शेकरू. २०१५ साली राज्य-फुलपाखराचा मान मिळालेले ब्लू मॉरमॉन आणि २०२० साली राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित झालेली पांढरी चिप्पी. सारी नावे तिला मुखोद्गत होती. मग तिने सहज विचारले, "फादर, चिप्पी आपली आहे, म्हणजे कोणाची?"

वाचकहो, प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. एखाद्या जीवाला 'आपला' म्हटल्याने आपल्यावर काही बंधन येते काय? कोणी म्हणेल, चिन्ह हा केवळ मान आहे. त्याने कोणी बांधला जात नाही. परंतु लग्नाची अंगठी हेही चिन्हच आहे. अंगठीने संसार होत नाही हे खरे. तथापि ती बोटात घालणारा आपल्या शब्दाला बांधला जातो. राज्याने केलेली घोषणाही आपल्या सर्वांच्या नावाने दिलेला शब्दच होय.

मग ज्यांची निवड झाली नाही, ते जीव कमी मोलाचे काय? मुळीच नाही. शेकरू उंच फांद्यांवरून संचार करतो, जमिनीवर क्वचितच उतरतो. फांद्यांची सलग वाट तुटली की त्याचा मार्ग खुंटतो. हरियालचे पोट वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर भरते. म्हणजे चित्रातल्या एका पक्ष्याला दिलेला शब्द पाळायचा, तर चित्रात नसलेली कित्येक झाडे राखावी लागतात.

चिप्पीचे तर विचारूच नका. भरती-ओहोटीच्या चिखलातून वर आलेल्या मुळांनी ती श्वास घेते. तिच्यावर भराव टाकला की ती गुदमरते.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. खाडीलगतच्या एका भरावावर उभ्या राहिलेल्या इमारतीला काही वर्षांपूर्वी मीच आशीर्वाद दिला होता. त्या जागी पूर्वी काय होते, हे मी विचारले नाही. विचारले असते, तर यजमानांना अवघडल्यासारखे झाले असते, आणि मलाही. आपण मुलांच्या हाती सुंदर पुस्तके देतो, नावे पाठ करून घेतो; ती नावे धारण करणारे जीव मात्र आपल्याच सोयीसाठी पुसले जात असता गप्प बसतो. या मौनाचा धडा मुले पुस्तकाशिवायच शिकतात.

त्या मुलीला मी म्हणालो, "बाळ, आपली म्हणजे आपल्या जिम्मेवारीची." येत्या रविवारी मिस्सानंतर, ओहोटीच्या वेळी, आम्ही काही कुटुंबे खाडीवर जाणार आहोत. जी चिप्पी उरली आहे, ती तिला दाखवायची आहे. आणि जिथे ती उरली नाही, ती जागाही.