विटाळ, पाणी आणि कावीळ

भारतीय धर्मविचारात ‘शौच’ या शब्दाचे दोन अर्थ फार पूर्वीपासून एकमेकांत मिसळलेले आहेत : एक शरीराची व वस्तूंची स्वच्छता, आणि दुसरा धर्मकृत्याला पात्र ठरवणारी शुचिता, जिच्या अभावाला बोलीत विटाळ म्हणतात. हे दोन्ही अर्थ मुळात एकच आहेत की त्यांची केवळ सांगड घातली गेली, याचा निवाडा सहसा ग्रंथवचनांच्या आधारे केला जातो. परंतु हिपॅटायटिस, म्हणजे यकृताची सूज, निर्माण करणारे विषाणू माणसामाणसांत कोणत्या वाटेने जातात हे पाहिले, तर त्या निवाड्याला वेगळाच साक्षीदार मिळतो. (लोक या रोगांना सरसकट कावीळ म्हणतात, वस्तुतः कावीळ हे लक्षण आहे, आणि संसर्ग झालेल्या कित्येकांचे डोळे कधी पिवळे होतही नाहीत.)

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे या वादाच्या दोन्ही बाजू एकाच काठावर नांदतात. वैनगंगेवर तेथे घाट आणि देवळे आहेत, पर्वकाळी स्नानाला माणसे उतरतात. आणि त्याच गावाच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या सुमाराच्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. थेरीगाथा या पाली ग्रंथात पुण्णिका नावाची पाणी भरणारी दासी, थंडीत कुडकुडत नदीत उतरलेल्या ब्राह्मणाला विचारते की, स्नानाने पाप धुतले जात असेल तर बेडूक आणि कासवे आधी स्वर्गात जायला हवीत, शिवाय जे पाणी पाप वाहून नेते ते पुण्य तेवढे मागे का ठेवील? या युक्तिवादाचा उत्तरार्ध विशेष मार्मिक आहे, कारण पाण्याला निवड करता येत नाही, ते जे मिळेल ते वाहून नेते, हे त्यात गृहीत आहे.

हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘ई’ यांचा प्रसार नेमका याच गृहीतावर चालतो. रोग्याच्या विष्ठेतून बाहेर पडलेला विषाणू पिण्याच्या पाण्यात किंवा अन्नात मिसळतो आणि दुसऱ्याच्या तोंडावाटे शरीरात जातो. लक्षणे दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे कोणत्या घोटाने घात केला हे सहसा कोणालाच आठवत नाही. बहुतेक रोगी आपोआप बरे होतात, मात्र गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत ‘ई’ झाल्यास शंभरातील वीस ते पंचवीस स्त्रियांपर्यंत मृत्यू ओढवू शकतो. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेतील सांडपाणी शहराच्या पाणीपुरवठ्यात शिरले, तेव्हा तुरटी व क्लोरीनची मात्रा वाढवल्याने विषमज्वर आटोक्यात राहिला, तरी सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तो ‘ई’ होता हे पुढे साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळले. दिसायला निर्मळ आणि चवीला गोड पाणीही साक्ष देत नाही, असा त्याचा अर्थ.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात नदी वेगाने शुद्ध होते असे म्हटले आहे, आणि चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र टाकण्यास स्पष्ट मनाई आहे. पहिले वचन सर्वांना पाठ असते, दुसरे क्वचितच आठवते. भंडाऱ्यात तर पहिल्याचीही अट उरलेली नाही, कारण नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते, आणि गोसीखुर्द धरणाने तेथला प्रवाह अडवून त्याचा जलाशय केला आहे. परंपरेच्याच कसोटीवर अशा थांबलेल्या पाण्याला शुद्ध ठरवणे अवघड आहे.

‘बी’, ‘सी’ आणि ‘डी’ यांची वाट निराळी, आणि विटाळाच्या कल्पनेला ती अधिकच अडचणीची. हे विषाणू रक्तातून जातात. ‘बी’ व त्याच्या आधाराशिवाय न जगणारा ‘डी’ शरीरसंबंधातूनही जातात. वाळलेल्या रक्तात ‘बी’ किमान सात दिवस तग धरतो, म्हणून न उकळलेली सुई, न बदललेले वस्तऱ्याचे पाते, जत्रेत एकीमागून एकीच्या हातावर फिरणारी गोंदणाची सुई ही त्याची वाहने होतात. पंगतीला शेजारी बसणे, हात हातात घेणे, एकाच माठातले पाणी पिणे यांनी तो लागत नाही; तरीही घरात ‘बी’चा रोगी निघाला की त्याचे ताट-पेला वेगळे होतात आणि गोंदणाच्या सुईविषयी मात्र कोणी विचारत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी पाणी प्यायल्यावर ते तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करण्यात आले. माणसाच्या स्पर्शाने बाटलेले मानलेले पाणी शेणाने शुद्ध करणे यात विटाळ आणि स्वच्छता यांची दिशाच उलटलेली दिसते. विटाळ माणसाला चिकटतो व जन्मभर, पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. संसर्ग कृतीला चिकटतो, आणि कृती बदलली की तुटतो.

सोयराच्या रूढीत हा फरक अगदी जवळून दिसतो. बाळंतिणीला दहा दिवस वेगळे बसवण्याची प्रथा आहे. परंतु ‘बी’ची बाधा झालेल्या आईकडून बाळाला संसर्ग होतो तो मुख्यतः जन्मण्याच्या वेळी, आणि तान्हेपणी तो झाल्यास दहांतील नऊ मुलांत कायमचा राहतो. म्हणून लशीची पहिली मात्रा चोवीस तासांच्या आत द्यायची असते, आणि अशा आईच्या बाळाला शक्य तेथे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही दिले जाते. त्यानंतर आईने बाळाला जवळ घेऊन अंगावर पाजण्यास वैद्यकाची हरकत नाही.