चैत्याच्या दारात ढोल

चैत्र शुद्ध षष्ठी-सप्तमीला वेहेरगावचा डोंगर चढणाऱ्याला कार्ल्याचे लेणे आधी ऐकू येते, मग दिसते. मुंबई, ठाणे, रायगडच्या किनाऱ्यावरून आलेल्या कोळी-आगरी कुटुंबांच्या पालख्या पायऱ्या चढत असतात. ढोल, ताशा, बेंजो आणि मध्येच उसळणारा ‘आई माउलीचा उदो उदो’. वर पोहोचल्यावर एकवीरेचे देऊळ आणि भारतातले सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह एकाच अंगणात उभे दिसतात. देऊळ थेट चैत्याच्या तोंडाशी आहे. डावीकडे सिंहस्तंभ शाबूत आहे. त्याचा उजवीकडचा जोडीदार आज देऊळ आहे त्या जागी असावा, असे अभ्यासक मानतात.

अंगणात नवसाची गर्दी असते. दारातून आत पाऊल टाकले की सुमारे 38 मीटर लांब आणि 14 मीटर उंच दालन लागते. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, शेवटी दगडी स्तूप आणि त्यावर लाकडी छत्र. छताच्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपासून तिथेच आहेत. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या भव्य गवाक्षातून येणारा उजेड स्तूपापर्यंत पोहोचतो. इथे हलक्या आवाजात म्हटलेली ओळही दूरवर जाते.

या दोन जागांमध्ये अंतर जेमतेम काही पावलांचे आहे, पण धर्माच्या विचारातला एक जुना प्रश्न त्या अंतरात मावतो. पवित्र जागा कशाने पवित्र राहते, मौनाने की उत्सवाने?

बौद्ध परंपरेचे उत्तर वरवर पाहता स्पष्ट आहे. श्रामणेराच्या दहा शीलांमध्ये नृत्य, गीत, वादन आणि खेळतमाशे पाहणे वर्ज्य आहे. उपोसथाला अष्टशील पाळणारा गृहस्थ उपासकही त्या दिवशी यांपासून दूर राहतो. मनाला बाहेर ओढणारे जे जे आहे ते बाजूला ठेवायचे, ही त्यामागची दृष्टी. म्हणजे चैत्यासमोर ढोल वाजला तर तो बुद्धाच्या शिकवणुकीचा अवमान ठरावा.

पण मावळातली लेणी स्वतःच वेगळे काही सांगतात. मळवली स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला भाजे आहे, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातले. तिथल्या विहाराच्या भिंतीवर, ज्याला बरेच अभ्यासक इंद्र मानतात त्या गजारूढ आकृतीच्या शिल्पपटात, तबल्यासारखे जोडवाद्य वाजवणारी स्त्री आणि तिच्या तालावर नाचणारी दुसरी स्त्री कोरलेली आहे. ज्या भिंतीआड भिक्षू राहत आणि ध्यान करत, त्याच भिंतीवर नाच आणि वादन. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवरही स्त्री-पुरुषांच्या प्रसन्न जोड्या आहेत. छिन्नी चालवणाऱ्यांना आणि त्यासाठी पैसे देणाऱ्यांना संसाराचा आनंद दारात शोभणारा वाटला. आत शिरण्यापूर्वी तो पुसून टाकावा, असे त्यांनी मानले नाही.

याहून थेट उदाहरण आंध्र प्रदेशात आहे. कृष्णेच्या काठी नागार्जुनकोंड्याला तिसऱ्या-चौथ्या शतकात इक्ष्वाकू राजांच्या काळी स्तूप आणि विहार उभे राहिले. त्यांच्याच परिसरात चारही बाजूंनी बसायला पायऱ्या असलेले एक उघडे प्रेक्षागार होते. नागार्जुनसागर धरणाचे पाणी चढण्याआधी, 1954 ते 1960 या काळात तिथे मोठे उत्खनन झाले आणि निवडक वास्तू हलवून पुन्हा उभारल्या. हे प्रेक्षागार आता अनुपु इथे पाहता येते. त्याच्या शेजारच्या उंचवट्यावर मंदिर होते हारीतीचे. ही लेकरांचे रक्षण करणारी देवता, आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातही तिचे दालन आहे.

विहार, प्रेक्षागार आणि आई. अनुपुची ही त्रयी मनात ठेवून वेहेरगावचा डोंगर पाहिला, की एकवीरेचे तिथे असणे परके वाटत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तर असे मांडले, की घाटवाटांवरच्या मातृदेवतांची ठाणी बौद्ध लेण्यांच्याही आधीची असावीत आणि लेणी अशा वाटांच्या आसऱ्यानेच कोरली गेली. देवी आधी की स्तूप आधी, याचा निवाडा लागो न लागो. दोघांनी एकच वाट आणि एकच कातळ वाटून घेतला, एवढे डोळ्यांना दिसते.

हे वाटून घेणे कार्ल्याच्या शिलालेखांतही आहे. खांबांवर दात्यांची नावे आहेत. धेनुकाकटचे यवन आहेत आणि वैजयंतीचा म्हणजे बनवासीचा श्रेष्ठी भूतपाल आहे. दाराच्या कामासाठी दान देणारा सिंहदत्त सुगंधी द्रव्यांचा व्यापारी होता. दार घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचेही नाव दगडावर आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथे पावसाळा काढणाऱ्या, चारही दिशांनी आलेल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिले. त्याच लेखात त्याने देवांना आणि ब्राह्मणांना दिलेल्या दानांचीही नोंद आहे. पुढे सातवाहनांची सत्ता आली, तेव्हा मामाल म्हणजे मावळच्या अमात्याला आज्ञा पाठवून गावाचे दान चालू ठेवले गेले. राजघराणी एकमेकांशी लढत होती, तरी पावसात डोंगरावर बसलेल्या भिक्षूची भाकरी त्यांनी तोडली नाही.

आजच्या राज्यसंस्थेने या प्रश्नाला आपल्या पद्धतीने उत्तर दिले आहे. प्राचीन स्मारकांचा 1958 चा कायदा आणि त्याखालचे 1959 चे नियम सांगतात, की संरक्षित स्मारकात सभा, मेजवानी किंवा करमणुकीचा कार्यक्रम केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय होणार नाही. मात्र मान्य असलेल्या धार्मिक रूढीनुसार होणाऱ्या मेळाव्याला ही अट नाही. करमणूक आणि उपासना यांत फरक आहे, हे कायद्यानेही मानले. वेरूळचा महोत्सव कैलास लेण्याच्या सान्निध्यातून सोनेरी महालात नेला गेला, तो अशाच जपणुकीच्या विचाराने.

पण रूढी हा प्रशासनाचा मापदंड आहे, श्रद्धेचा नव्हे. लोणावळ्याहून पुण्याकडे जाताना लागणाऱ्या देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दोन वर्षांनी नागपूरला लाखो माणसे बुद्धाला शरण गेली. त्यांची मुले-नातवंडे आज कार्ला, भाजे आणि बेडश्याला येऊन स्तूपासमोर हात जोडतात. शेकडो वर्षांच्या खंडामुळे त्यांची ओढ कमी खरी ठरत नाही. अखंड चालत आलेली भक्ती खरी आहे, आणि तुटून पुन्हा जुळलेलीही तितकीच खरी आहे. कोळ्यांचा ढोल आणि उपासकाचे मौन हे दोन्ही या डोंगराचे वारसदार आहेत.

म्हणून मौन की उत्सव, ही निवडच चुकीची आहे. पालखीपुढे नाचणारी कोळीण स्वतःला विसरलेली असते. स्तूपापुढे डोळे मिटलेला उपासकही तेच करू पाहतो. दोघेही त्या जागेपुढे लहान होतात. जागा बिघडते ती तिसऱ्याच वृत्तीने. पावसाळी शनिवार-रविवारी लोणावळ्याहून आलेले घोळके चैत्यात शिरतात, घुमणारा आवाज अजमावायला शिट्ट्या मारतात, फोटोसाठी खांबांना टेकतात आणि स्तूपाकडे न पाहता बाहेर पडतात. हा आवाज ढोलापेक्षा कमी असेल, पण तो कुणाला उद्देशून नसतो. आनंद घ्यायला कुणाची ना नाही. भाज्याच्या नर्तकीने तो दगडात जपला आहे. मात्र समोर काय आहे, याची दखल घेतल्याशिवाय घेतलेला आनंद त्या जागेला काहीच परत देत नाही.

पुरातत्त्व खाते, देवस्थान आणि वेहेरगावचे ग्रामस्थ यांनी मिळून दोन गोष्टी केल्या तर पुष्कळ साधेल. यात्रेचा ढोल-ताशा अंगणात निर्धास्त वाजू द्यावा, पण कर्णे चैत्याच्या तोंडावर रोखू नयेत. आणि रोज सकाळी लेणे उघडल्यावर पहिला तास आतमध्ये फक्त बसणाऱ्यांसाठी राखावा, मग ते कुठल्याही धर्माचे असोत. वाचकांनीही पुढच्या खेपेला मळवलीला उतरावे, एकवीरेला नारळ द्यावा आणि चैत्यात जाऊन मोबाइल खिशात ठेवून पाच मिनिटे गप्प उभे राहावे. लेकरे बरोबर असतील तर त्यांना सामी सुताराचे नाव जरूर सांगावे.