चिंता आणि कर्तव्य

चिंता करणे हे कर्तव्यच होय, अशी अनेकांची समजूत असते. येथे विवेक केला पाहिजे. थंडी, इजा, अतिश्रम अशा भिन्न कारणांनीही उंदरांच्या शरीरात सारखेच विकार उद्भवतात, जठरात व्रण पडतात, असे हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली दाखविले. मनुष्याचे संकट केवळ मनात असले, तरी हृदयाची गती व रक्तदाब वाढतो.

शंका अशी की, चिंता सोडणारा कर्तव्यास चुकणार नाही काय? समाधान असे की, कर्जाच्या हप्त्याची तजवीज करणे ही दक्षता. तजवीज झाल्यावरही रात्रभर तोच हिशेब घोळविणे ही चिंता. दक्षता कृतीत संपते; चिंतेस अंत नाही. जागरणाने कर्ज एका पैशानेही घटत नाही. ते फेडणारे शरीर मात्र झिजते. म्हणून चिंतात्याग हा कर्तव्यत्याग नव्हे. ते कर्तव्याच्या साधनाचे रक्षण होय.