मोजपट्टीला कोण मोजणार?



कापडाच्या दुकानातील मीटरपट्टीवर आपण विश्वास ठेवतो, कारण तिच्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. खात्याकडील मापही त्याहून अचूक मापाशी ताडून पाहिलेले असते. ही शिडी चढत गेलो तर शेवटच्या पायरीवर काय असते? सर्वांना मोजणाऱ्या मापाला कोण मोजणार?

१८८९ पासून ही शेवटची पायरी म्हणजे पॅरिसजवळ सेव्र येथे ठेवलेली प्लॅटिनम-इरिडियमची एक दांडी होती. बर्फ वितळते त्या तापमानाला तिच्यावरील दोन रेघांमधले अंतर म्हणजे एक मीटर, असे ठरले. मेख इथेच होती. ती दांडी केसभर आखडली असती, तरी व्याख्येप्रमाणे ती एक मीटरच राहिली असती. उलट बाकीचे सारे जग लांबले, असे म्हणावे लागले असते!

अल्बर्ट मायकेलसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९२-९३ मध्ये सेव्रलाच जाऊन कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाने मीटर मोजून दाखवला. त्यात सुमारे १५ लाख ५३ हजार तरंगलांबी बसल्या. पुढे १९६० साली क्रिप्टॉन-८६ च्या नारिंगी प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांबी म्हणजे एक मीटर, असा निर्णय झाला. क्रिप्टॉनचा अणू पॅरिसमध्ये एक आणि दिल्लीत दुसरा असे होत नाही. साधने असतील तर कोणालाही, कुठेही पडताळा घेता येतो. हा प्रकाशही पुरेसा अचूक नाही असे दिसल्यावर १९८३ साली व्याख्या पुन्हा बदलली. निर्वात पोकळीत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो, तो आजचा मीटर. जुनी दांडी सेव्रला जपून ठेवली आहे, पण तिचा शब्द आता अखेरचा नाही.

विशेष हे, की ज्या देशांनी मिळून ती दांडी प्रमाण मानली होती, त्यांनीच तिचा अधिकार काढून घेतला. अशी तयारी आपण दाखवतो का? 'आमच्या घरात असेच चालते,' असे म्हणून आपण स्वतःच दांडी होऊन बसतो. कामवाल्या बाईला दहा मिनिटे उशीर झालेला आपल्या लक्षात राहतो; तिचा पगार दहा दिवस लांबला, तर 'एवढे काय त्यात?' असे वाटते. आपण आखडलो आहोत हे आपल्याच पट्टीवर कधीच दिसत नाही.

चांगुलपणा मोजायला क्रिप्टॉनचा दिवा नाही, हे खरे. पण एक पडताळा सर्वांच्या हाती आहे: दुसऱ्याला लावतो तेच माप त्याच्या हाती देऊन, 'आता मला मोज,' असे आपण म्हणू शकतो का? येत्या आठवड्यात घरी, कामावर, शेजाऱ्याशी बांधावरून बोलताना हा प्रश्न एकदा तरी स्वतःला विचारून पाहू या.